पोट वर, पाठ वर

मे महिन्यात गोव्यातल्या एखाद्या जुन्या घराची शाकारणी चालू असली की खाली उभं राहून थोडा वेळ बघावं. नळे, म्हणजे मातीची कौलं, सगळे एकाच घडणीचे: अर्धगोल, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळते. एक ओळ पोट वर करून बसते, तिच्या कडांवर दुसरी पाठ वर करून. पोटाच्या ओळीत रुंद तोंड आढ्याकडे आणि निमुळतं खाली, म्हणजे वरचा नळा खालच्यात उतरतो. पाठीच्या ओळीत बरोबर उलटं. यात चूक झाली की पाणी सांध्यात शिरतं आणि वाशावरून धावत जाऊन भलत्याच खोलीत टपकतं. पोटाच्या ओळीत आंब्याची पानं अडकली तर पाणी तुंबून कडेवरून आत येतं, आणि बोल लागतो वरच्या बिचाऱ्या नळ्यांना.

आता सांगा, नळा अंतर्वक्र की बहिर्वक्र?

शाळेत हा गोंधळ भिंगापासून सुरू होतो. अंतर्गोल आरसा किरण एकत्र आणतो, अंतर्वक्र भिंग तेच किरण फाकवतं. मुलं पाठ करतात आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहितात. त्यापेक्षा स्टीलचा डाव हातात द्यावा. आतून चेहरा उलटा, बाहेरून सुलटा पण बारका.

शब्दाचाही थोडा दोष आहेच. ‘वक्र’ म्हटलं की वक्रदृष्टी आठवते, वक्री शनी आठवतो. ‘वाकडा’ही त्याच घरातला. त्या घराची अब्रू राखली ती एका वक्रतुंडाने. अंतर्वक्राला पोर्तुगीजांचा शब्द ‘कोंकावु’, तो लॅटिन ‘कावुस’वरून आला, म्हणजे पोकळ, दाताची कॅव्हिटी त्याचीच चुलत बहीण. त्यांनी पोकळी पाहिली, आपण वाक पाहिला.

पोकळी आपल्याला दिसली ती द्रोणात. द्रोण म्हणजे मुळात लाकडी पात्र. तशा पात्रात जन्मले म्हणून द्रोणाचार्य. पुढे ते माप झालं: 4 प्रस्थांचा आढक, 4 आढकांचा द्रोण. द्रोणीची डोणी झाली आणि पाण्यावर तरंगू लागली. पावसाळ्यात हवामानवाले ‘द्रोणीय स्थिती’ म्हणतात तेव्हा आभाळात तीच डोणी कलंडलेली असते.

सगळ्यांत धाकटा द्रोण फणसाच्या पानाचा, पेज ओरपायचा. पान जून नको, शिरेवर तडकतं. कोवळं नको, गरम पेजेने मान टाकतं. तकतकीत बाजू आत घेऊन देठाकडून शंकूसारखं वळवायचं आणि माडाच्या हिराने टाचायचं. हीर टोचायचा तो काठाजवळ. खाली टोचला तर पेज तोंडाआधी कोपरापर्यंत पोचते. हल्लीच्या चंदेरी कागदी द्रोणाला बूड सपाट असतं. तो सांडत नाही, हे खरं. पण त्याला द्रोण म्हणणं जिवावर येतं.

छपरावर तोवर मांजर चढलेलं असतं. पोटाच्या ओळीत उन्हाला पाठ करून ते असं गोल झोपतं की एक नळा कमी पडला तरी चालेल. फक्त पहिल्या सरीपर्यंत.