एनसीसीतला शेवटचा ‘सी’

आमच्या शाळेच्या महोत्सवाच्या पत्रकात ‘कॉर्पस फंडास सढळ हाताने मदत करावी’ असं छापलंय. त्याच शाळेच्या मैदानावर एनसीसीची परेड होते आणि पूर्ण नाव विचारलं की निम्मी मुलं ‘नॅशनल कॅडेट कॉर्प्स’ म्हणतात. कॉर्प्स म्हणजे प्रेत! शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या माजी विद्यार्थ्याला यावर गप्प बसवत नाही.

स्पेलिंग सी-ओ-आर-पी-एस, पण उच्चार ‘कोअर’. शब्द फ्रेंचांकडून आला, म्हणून पी आणि एस दोन्ही मुके. अनेकवचनाचं स्पेलिंग तेच, फक्त एस ‘झ’सारखा वाजतो. २०१० साली बराक ओबामांनीसुद्धा भर भाषणात नौदलातल्या ‘कोअरमन’चा, म्हणजे वैद्यकीय सेवकाचा, ‘कॉर्प्समन’ केला होता, तेव्हा आठवीतल्या पोराला हसू नये.

प्रेतवाचक शब्दाला शेवटी एक ई जास्त. मूळ मात्र एकच, लॅटिन ‘कॉर्पस’ म्हणजे शरीर, मग ते जिवंत असो वा मेलेलं. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत तो सी-ओ-आर-एस एवढाच आला. लॅटिनचा अभिमान असलेल्यांनी मधे पी घुसवला, लोक तो पुढे उच्चारूही लागले. ई तर एकोणिसाव्या शतकाआधी क्वचितच लिहीत. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘डेड कॉर्प्सेस’ आहे. आज ते ‘मेलेली प्रेतं’ वाटतं, पण तो जुन्या अर्थाचा अवशेष. आपल्या ‘कलेवरा’चंही तेच झालं. संस्कृतात ते नुसतं शरीर; पुरीच्या जगन्नाथाचं ‘नवकलेवर’ म्हणजे देवाला नवं शरीर. मराठीत कलेवर म्हटलं की प्रेतच. फंडातला कॉर्पस तेवढा मूळ अर्थाला धरून राहिला: मुद्दल हे फंडाचं शरीर, त्याला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं.

विच्छेदनाच्या टेबलावर मात्र ‘कॉर्प्स’ नसतो, ‘कॅडॅव्हर’ असतो. वैद्यकीय महाविद्यालयांत एक थाप पिढ्यान्‌पिढ्या चालते की ‘कारो दाता वेर्मिबुस’, म्हणजे किड्यांना दिलेलं मांस, यांची आद्याक्षरं जुळवून हा शब्द झाला. साफ खोटं. अफूच्या झाडाला लॅटिनमध्ये ‘पापावेर’ म्हणतात, त्यालाही ‘-आवेर’ हेच शेपूट आहे. तिथे किडे कुठून आणणार? खरा धातू ‘कादेरे’, पडणं. स्पेनमधला विद्वान बिशप, सेव्हिलचा इसिदोर, सातव्या शतकातच सांगून गेला: जे आता उभं राहू शकत नाही ते. ‘अ‍ॅक्सिडेंट’ आणि कोर्टातली ‘केस’ याच धातूच्या. आपलं ‘प्रेत’ म्हणजे प्र अधिक इत, पुढे गेलेला. लॅटिन माणूस पडतो, आपला निघून जातो.

आणि व्यवहारात कॅडॅव्हर म्हणजे टिकवलेला देह. मांडीच्या धमनीतून फॉर्मालिन मिसळलेलं द्रावण साधारण आठ-दहा लिटर सोडतात. उशीर झाला तर रक्ताच्या गुठळ्या वाट अडवतात, द्रावण बोटांच्या टोकांपर्यंत पोचत नाही, आणि नासायला सुरुवात तिथूनच होते. म्हणून देहदानाचा फॉर्म भरलेल्यांच्या घरच्यांनी महाविद्यालयाला फोन आधी करावा, नातेवाइकांची वाट नंतर पाहावी.