आवाज थांबतो तेव्हा

रविवार, १९ एप्रिल

आज संध्याकाळी पाचच्या सुमारास लाइन गेली. पारा दुपारीच ४३ अंशांवर पोचला होता आणि घर अजून तापलेलेच होते. खिडकीतल्या कूलरचा पंखा मंदावत जाऊन थांबला, पंप बंद पडला, ताट्यांतून टाकीत निथळणारे पाणी तेवढे काही वेळ ऐकू येत राहिले. एरवी कूलर थांबला की डाव्या कानातला आवाज लगोलग वर येतो. आजही तो येईल म्हणून मी थांबून राहिले, पण तो आला नाही. शेजारच्या गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावरून वाळलेल्या कुरड्या सोडवण्याचे काम चालले होते. एकेक कुरडई सुटताना होणारी ती बारीक करकर मला स्पष्ट ऐकू आली आणि तिच्या मागे किंवा भोवती दुसरे काहीही नव्हते. अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ असा गेला असेल. मग डाव्या बाजूला, कानाच्या आत नव्हे तर कानामागे कुठेतरी, अतिशय बारीक असा उंच पट्टीतला स्वर सुरू झाला आणि दोन-तीन श्वासांत नेहमीच्या जागी येऊन बसला.

हा आवाज गेली काही वर्षे माझ्यासोबत आहे. तो पावसाळ्यातल्या रातकिड्यांसारखा आहे, इतका की जुलै-ऑगस्टमध्ये रात्री बाहेरचे रातकिडे कोणते आणि माझा कोणता हे ठरवण्यासाठी मला दोन्ही कानांत बोटे घालून पाहावे लागते. बाहेरचे असतील तर ते कमी होतात आणि माझा असेल तर तो वाढतो. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, वैद्य कर्णनाद म्हणतात, आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या २८ कर्णरोगांमध्ये त्याचीही गणना आहे. ज्यांना हा त्रास नाही त्यांना, अगदी जवळच्या माणसांनाही, असे वाटते की तो अखंड आणि एकसारखा असतो. माझा तसा नाही. काही दिवस तो फुटाळा तलावाच्या रस्त्यावरच्या संध्याकाळच्या वाहनांच्याही वर ऐकू येतो, काही दिवस शोधल्याखेरीज सापडत नाही, आणि क्वचित कधीतरी तो पूर्णपणे थांबतो. या थांबण्याविषयी मला नीट लिहायचे आहे, कारण आवाजाची सवय करून घेण्याविषयी मला पुष्कळांनी सांगितले, पण तो नसतो त्या वेळेचे काय करावे हे कोणीच सांगितले नाही.

कूलरनंतरच्या शांततेचे कारण निदान ठाऊक आहे. सर्व पट्ट्यांचा मिळून झालेला, सरसर वाहणारा आवाज काही वेळ कानावर पडत राहिला आणि मग अचानक थांबला, तर अनेकांचा कर्णनाद त्यानंतर काही सेकंद, क्वचित मिनिटभर किंवा त्याहून अधिक, दबलेलाच राहतो. जर्मन डॉक्टर हाराल्ड फेल्डमान यांनी १९७१ साली अशा झाकणाऱ्या आवाजांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. एका कानातला नाद दुसऱ्या कानात सोडलेल्या आवाजानेही झाकला जाऊ शकतो, हेही त्या अभ्यासातून दिसले. ज्या बाई माझी श्रवणचाचणी करतात त्यांनी मला हे करूनच दाखवले होते. त्यांनी हेडफोनमधून मिनिटभर तसा आवाज सोडला, मग तो बंद केला आणि म्हणाल्या, “तुमचा आवाज परत आला की बोट वर करा.” बोट वर करायला मला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यांनी न बोलता टिश्यूचा डबा पुढे सरकवला. त्या अर्थी मी पहिली नव्हते.

म्हणून नागपूरचा उन्हाळा, ज्याला सगळे नावे ठेवतात, तो माझ्यासाठी वर्षातला सुखाचा काळ आहे. एप्रिल ते जून रात्रभर कूलर चालतो आणि मला झोप लागते. परंतु झाकला जाणे आणि थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कूलर चालू असताना तो आवाज खाली कुठेतरी आहे हे मला माहीत असते. आज संध्याकाळी तो नव्हताच.

बुधवार, २२ एप्रिल

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. कानावर पडेल ते हाताने उतरवणे हेच माझे काम असल्यामुळे कानाच्या दुखण्याची भीती मला इतरांपेक्षा लवकर वाटली असावी. आवाज सुरू झाला त्या सुमारास माझी श्रवणचाचणी झाली. २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंतच्या त्या आलेखात डाव्या कानाची रेघ ३००० पर्यंत ठीक चालते आणि ४००० ला एकदम खाली उतरते. कोक्लियामध्ये, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, प्रत्येक कानाला साधारण १५,००० रोमपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी असतात, त्या एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत आणि उंच पट्टीच्या पेशी बहुधा आधी जातात. तिथून येणारे संकेत कमी झाले की मेंदू त्या पट्टीपुरता आपला स्वतःचा आवाज वाढवत असावा, असे आज बहुसंख्य संशोधक मानतात. याचा अर्थ मी जे ऐकते ते कानात तयार होत नसून कानाकडून जे यायचे राहिले त्याच्या जागी मेंदूत उभे राहते.

आज एका साक्षीदाराने रक्कम सांगितली आणि मला ती आठ हजार अशी ऐकू आली. तो डाव्या बाजूला होता, पंखा चालू होता, आवाज कालपासून वाढलेला होता. ‘स’ची ऊर्जा उंच पट्टीत असते आणि माझ्या डाव्या कानात नेमकी तीच पट्टी उणी आहे, त्यामुळे साठ आणि आठ यांतले अंतर मला उजव्या कानाने राखावे लागते. मी हात वर करून न्यायाधीशांना विचारले, “मॅडम, रक्कम पुन्हा सांगायला सांगता का?” त्यांनी सांगितले, साक्षीदाराने साठ हजार म्हटले, मी साठ हजार लिहिले. मॅडमना माझ्या कानाविषयी माहीत आहे आणि ते कळले त्या दिवसापासून त्या स्वतःही आकडे दोनदा उच्चारतात. अशी माणसे मिळणे मोठी गोष्ट आहे.

मला खरे चक्रावून टाकते ते वेगळेच. नाद वाढलेला असताना आणि जवळजवळ नसताना, अशा दोन्ही दिवशी माझे आलेख काढून झालेले आहेत आणि ते एकावर एक ठेवले तर रेघा जुळतात. कान तितकाच आहे, आवाज मात्र बदलतो. चढउतार आहेत म्हणून डॉक्टरांनी चक्कर येते का, कान भरल्यासारखा वाटतो का, ऐकू येणे कमी-जास्त होते का, असे खोदून विचारले, कारण या गोष्टी एकत्र आल्या तर मेनिएरच्या, म्हणजे आतल्या कानाच्या एका आजाराची शंका घ्यावी लागते. आवाज एकाच बाजूला आहे म्हणून एमआरआय करून श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हेही पाहिले. काही निघाले नाही. ज्यांना एकाच कानात आवाज येतो, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येतो, त्यांनी तपासणी टाळू नये असे मला कळकळीने वाटते; आणि एका कानाचे ऐकू येणे अचानक गेले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्या उपचारात दिवसांना किंमत असते.

शुक्रवार, २४ एप्रिल

आई आठवडाभरासाठी आली आहे. मी कपाळ दाबून बसलेली पाहून तिने विचारले, “काय होऊन राहिलं तुला?” आज आवाज जास्त आहे, असे मी म्हणाले. ती उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि आपला कान माझ्या डाव्या कानाला लावून डोळे मिटून ऐकू लागली. तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास आला. थोड्या वेळाने म्हणाली, “मला तर काहीच ऐकू येऊन नाही राहिलं गं.” तिच्या स्वरात अविश्वास नव्हता, आपल्याला यातला वाटा घेता येत नाही याचे दुःख होते. डॉक्टरांनीही एकदा मानेवर आणि कानामागे स्टेथोस्कोप लावून असेच ऐकले होते, कारण काही थोड्या रुग्णांचा आवाज रक्तवाहिन्यांतला असतो आणि तो दुसऱ्याला खरोखर ऐकू येतो. माझा तसा नाही.

मी तिला १९५३ सालच्या प्रयोगाविषयी सांगितले. हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू येण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवले आणि जे ऐकू येईल ते सांगायला सांगितले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचे सांगितले. आई म्हणाली, “म्हणजे सगळ्यांलेच असते, तुझंच वाढलं.” इतक्या थोडक्यात मला कोणी समजावून दिले नव्हते.

रविवार, २६ एप्रिल

पहाटे सेमिनरी हिल्सच्या चढावर फिरायला गेले होते. ऊन चढायच्या आत तेथे साग आणि पळसाच्या कोरड्या पानांतून चालता येते. परतताना लक्षात आले की आवाज नाही. ही कूलरनंतरची शांतता नव्हती. आधी कुठलाही मोठा आवाज झालेला नव्हता, काल रात्री झोपही फार चांगली झाली नव्हती. तो केव्हा थांबला हेही मला सांगता येणार नाही, कारण थांबताना तो कळत नाही, थांबून झाल्यावर कळतो.

अशा वेळी मन काय करते हे मी आता ओळखू लागले आहे. पहिल्यांदा ते खात्री करून घेऊ पाहते. मान डावीकडे वळवून बघ, दात आवळून बघ, असे सुचवते. मानेच्या आणि जबड्याच्या नसांचे धागे श्रवणाच्या मार्गात पहिल्याच थांब्यावर येऊन मिळतात, त्यामुळे जबडा आवळला की पुष्कळांचा नाद बदलतो, आणि माझाही वर चढतो. तेव्हा खात्री करून घेण्याच्या या पद्धतीने तो परत बोलावला जाण्याचीच शक्यता अधिक. त्यानंतर मन कारण शोधते. काल चहा एकच घेतला होता, जेवणात मीठ कमी होते, उजव्या कुशीवर झोपले होते. आणि शेवटी ते हिशेब मांडते की आज इतका वेळ थांबला, म्हणजे पुढच्या वेळी अधिक थांबेल, म्हणजे हळूहळू जाईल.

यातले कारण शोधणे मला सर्वांत घातक वाटते. धाकटे दीर मागच्या महिन्यात गिंको नावाच्या झाडापासून केलेल्या गोळ्या घेऊन आले होते. “पाहा ना घेऊन, वहिनी, नुकसान तर नाही,” असे ते प्रेमाने म्हणाले. मी घेतल्या नाहीत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत गिंको, मेलाटोनिन, जस्त यांची शिफारस करू नये असे स्पष्ट म्हटले आहे आणि त्रास सुसह्य करण्यासाठी बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा मानसोपचार, सुचवला आहे. पण हे वाचलेले नसते तरी मी नकारच दिला असता, कारण माझ्यासारख्याच्या बाबतीत कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा दिसू शकतो. आवाज आपापला वर-खाली होत असतो. तो फार वाढला की माणूस गोळी, तेल, नस्य, काहीही सुरू करतो. वाढलेला आवाज काही दिवसांनी एरवीही उतरणारच असतो. तो उतरला की श्रेय त्या उपायाला मिळते, आणि पुन्हा वाढला की आपलेच काही पथ्य चुकले असे वाटू लागते. या फेऱ्यात पैसा जातो तो जातोच, पण न केलेल्या गोष्टीचा दोष माणूस स्वतःकडे घेतो, हे मला फार अन्यायाचे वाटते.

म्हणून रोज सकाळी आवाजाला दहापैकी गुण देऊन वहीत लिहिणे मी थांबवले आहे. गुण द्यायचे तर आधी त्याच्याकडे कान लावावा लागतो, आणि ज्याच्याकडे रोज कान लावला जातो तो आवाज मेंदूला महत्त्वाचा वाटत राहतो. १९९० च्या दशकापासून संशोधक यास्ट्रेबॉफ यांच्या पद्धतीने जे उपचार होतात त्यांचा आधारच हा आहे की नाद नाहीसा झाला नाही तरी मेंदू त्याला बिनमहत्त्वाचा ठरवू शकतो.

आज मी दात आवळले नाहीत. उतारावर एक सातभाईंचा थवा पाचोळा उपसत होता, त्यांची कलकल दोन्ही कानांनी ऐकली, खाली आल्यावर गाडी काढली आणि वाटेत आईसाठी तर्री-पोहे बांधून घेतले. घरी पोचेपर्यंत आवाज परत आलेला होता. तो परत आला म्हणून दुखणे वाढले असे मी मानत नाही, आणि मधे थांबला होता म्हणून बरे होत आहे असेही मानत नाही. थांबला होता तो वेळ मात्र मला पुरेपूर मिळाला.

पुढच्या आठवड्यात डाव्या कानाला श्रवणयंत्र लावून पाहायचे ठरले आहे. ज्या पट्टीतले संकेत कमी पडतात ते यंत्राने भरून निघाले तर अनेकांचा नाद मागे सरतो, आणि माझे ‘साठ’ही मला परत मिळतील. त्या यंत्रात हळू सरसर वाजत राहील असा आवाजही ठेवता येतो. श्रवणचाचणी करणाऱ्या बाईंना विचारायचे आहे की तो माझ्या नादाला पूर्ण झाकेल इतका मोठा ठेवायचा की नाद त्याच्यासोबत ऐकू येत राहील इतका हळू. मला दुसरा पर्याय योग्य वाटतो. न्यायालयाला मे महिन्याची सुट्टी लागण्यापूर्वी ते यंत्र लावून निदान एक पूर्ण दिवस डिक्टेशन घेऊन पाहावे, म्हणून गुरुवारची वेळ मागितली आहे.