तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कोणता पाम ठेवावा?

घरात ठेवायला कोणता पाम चांगला, असं तुम्ही नेहमी विचारता. आणि पाम आणल्यावर दोन महिन्यांनी विचारता की पानं टोकाकडून का वाळतात. दोन्ही प्रश्नांसाठी आधी कुंडीची जागा बघावी लागते. दुपारी बाराला दिवे बंद करून तिथे पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर अरेका पाम चालेल. सावली पुसट असेल तर रॅफिस (लेडी पाम) किंवा बांबू पाम घ्या. सावली पडतच नसेल तर तिथे पाम ठेवू नका, तो काही महिने नुसता तग धरतो. आपल्या कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत मधल्या खोलीची बहुधा हीच गत असते.

अरेका मूळचा मादागास्करचा. स्वस्त मिळतो म्हणून बहुतेक जण तोच उचलतात, पण त्याला खिडकीपासून तीन-चार फुटांच्या आत जागा हवी. सकाळचं कोवळं ऊन चालतं. घेताना पानांपेक्षा बुंधे बघा. झाड दाट दिसावं म्हणून एका पिशवीत पंधरा-वीस रोपं कोंबलेली असतात आणि पुढे त्यातली बरीच मरतात. मोजक्या, जाड बुंध्यांचं रोप निवडा. मधला न उघडलेला कोंब हलकेच ओढून पाहा. हातात आला तर आत कूज आहे.

रॅफिस महाग आणि वाढीला संथ, तरी माझी पहिली पसंती त्यालाच. कमी उजेड सोसतो आणि वर्षानुवर्षं आटोपशीर राहतो. फिशटेल पाम हा आपल्या सह्याद्रीतल्या भेरली माडाचा भाऊबंद, तो छताला टेकणार हे धरूनच आणा. ‘सागो पाम’ म्हणून विकतात तो सायकस, आणि सायकस हा पाम नव्हेच. तो विषारी असतो, बिया तर फारच. घरात लहान मूल, कुत्रं किंवा मांजर असेल तर नकोच.

पंचगंगेकाठची काळी माती उसाला उत्तम, कुंडीत मात्र ती पाणी धरून बसते. तांबडी माती दोन भाग आणि कोकोपीट, गांडूळखत, जाडी वाळू प्रत्येकी एक भाग घ्या. वर मूठभर निंबोळी पेंड घाला. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा दोनच इंच रुंद हवी. ती दोन-तीन वर्षांनी बदला आणि बदलताना मुळं मोकळी करत बसू नका, पामला ते सोसत नाही.

घरातले पाम उन्हाळ्यापेक्षा इथल्या पावसाळ्यात जास्त मरतात. जून ते सप्टेंबर हवा दमट आणि उजेड कमी, त्यामुळे पानं पाणी ओढत नाहीत, पण आपला तांब्या सवयीने चालूच असतो. मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडून कुजतात आणि पानं पिवळी पडतात. ते बघून आपण आणखी पाणी घालतो! बोट दोन इंच मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. उन्हाळ्यात हे दोन-तीन दिवसांनी होईल, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी.

टोकं वाळण्यामागे बहुतेकदा बोअरच्या जड पाण्यातले आणि खतातले क्षार असतात. पाण्याची अनियमितता आणि एसीची कोरडी हवा त्यात भर घालतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्या, मग बशी रिकामी करा. पावसाचं पाणी साठवता आलं तर सर्वांत चांगलं. वाळलेलं टोक कापताना तपकिरी कड जराशी राहू द्या. हिरव्यात कापलं तर ते पुन्हा वाळतं. जुनं पान पिवळं पडलं तरी पूर्ण वाळेपर्यंत काढू नका, झाड त्यातलं पालाश (पोटॅशियम) नव्या पानाकडे नेत असतं. शेंडा तर कधीच छाटू नका. वाढीचा कोंब तेवढाच असतो, तो गेला की ते खोड संपलं.

मार्च ते मे पानांखाली बारीक जाळी आणि वर पिवळट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानं दोन्ही बाजूंनी धुवा. एक लिटर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि मध्य हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. लिटरला ५ ग्रॅम एप्सम सॉल्ट महिन्यातून एकदा मुळाशी द्या. पिवळी झालेली पानं त्याने हिरवी होत नाहीत, पुढची नीट येतात.