मामाच्या डोंगरावरचा डबा

जिओकॅशिंग म्हणजे काय ते मामाला समजावण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकतो. दुसरा कुणी येऊन तो शोधतो, आतल्या वहीत नाव लिहितो आणि डबा होता तिथेच ठेवून जातो. मामा सुपारी कातरत ऐकत होता.

‘‘आत काय असतं?’’

‘‘वही.’’

‘‘पैसे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग शोधतात कशाला?’’

याचं चांगलं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने सामान्य माणसाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ती अचूकता बघायला म्हणून एक बादली रानात ठेवली आणि तिचा पत्ता जगाला सांगितला. हे मामाला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘बादली चोरीला गेली नाही?’’ गोव्यातल्या डिचोलीतून सत्तरीत आजोळी आलं की गप्पा अशाच चालतात.

मी या खेळात आलो तो पुण्यात नोकरीला असताना. गोव्यात परतल्यावर पहिलाच डबा शोधायला निघालो आणि भलत्याच ठिकाणी पोचलो. या खेळात पत्ता अंश आणि दशांश मिनिटांत देतात. 35.500 मिनिटं म्हणजे 35 मिनिटं 30 सेकंद. मी पॉइंटनंतरचे आकडे सेकंद समजलो आणि नकाशात हाताने 50 सेकंद घातली. वीस सेकंदांचा हा फरक जमिनीवर 600 मीटरपेक्षा जास्त भरतो. मार्चचे दिवस होते. मी एका अनोळखी काजूबागेत दगड उलटेपालटे करत होतो, शेजारी काजूचे बोंडू मळायची जागा, जिला इथे कोळंबी म्हणतात, आणि त्या घमघमाटात उभी असलेली एक बाई. ‘‘कितें सोदता रे?’’ मी खरं ते सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, पण तिने ताज्या निऱ्याचा, म्हणजे बोंडूंच्या रसाचा, पेला दिला. तेव्हापासून आकडे ॲपमध्ये थेट उतरवतो आणि कुंपण दिसलं की आधी हाक मारतो.

स्वतःचा डबा लपवायचा ठरवलं तेव्हा मनात एकच जागा होती. मामाच्या काजूबागेच्या वरच्या अंगाला जांभ्यात एक गुहा आहे. लहानपणी आम्हाला तिथे जायला बंदी होती, कारण तिथे राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव, बसतो. आता चाळिशीत आल्यावर कोण अडवणार? जानेवारीत एका दुपारी मामेभावाला घेऊन गेलो. तो तोंडाशी बसला, मी आत.

उजेडाला काय, तर मोबाइल. त्यात 14 टक्के बॅटरी.

पहिली सात-आठ पावलं वाकून टाकावी लागतात, पुढे उभं राहता येतं. खाली पाय मऊ रुतला. वाटलं माती आहे. उजेड धरला तर काळ्याभोर लेंड्यांचा थर आणि त्यात पतंगाचे तुटके पंख चमकत होते. वास अमोनियासारखा नाकात चढणारा. वर बघायला फोन उचलला आणि तो बंद पडला. तसा अंधार मी आधी पाहिलेला नव्हता. घरात दिवे गेले तरी खिडकी कुठे आहे ते कळतं. इथे डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना. वळून दोन पावलं टाकली आणि डोकं छतावर आपटलं. मग जे करायला हवं होतं तेच केलं. खाली बसलो आणि हाक मारली. मामेभावाने आपला फोन लावून तोंडाकडून ‘‘इकडे, इकडे’’ म्हणत मला बाहेर काढलं. कपाळावर जांभ्याची खरखरीत खूण चार दिवस होती. आईला कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं.

त्यानंतर वाचायला बसलो. गुहेत जाणारे लोक माणशी तीन वेगवेगळे दिवे नेतात. एक हेल्मेटवर, एक खिशात, एक पिशवीत. किमान तिघे जातात, म्हणजे एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ बसतो आणि तिसरा मदत आणायला जातो. घरी एका माणसाला ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला ये’ असं सांगून निघतात. पाऊसपाण्याच्या दिवसांत आत पाऊलच टाकत नाहीत. वटवाघळांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीने हिस्टोप्लाझ्मोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, हेही तेव्हाच कळलं. मी त्या थरात बूट खुपसून, बसून, धूळ उडवून आलो होतो.

एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. या वेळी तिघे, हेल्मेटं, दिवे, मास्क. पँट मोज्यांत खोचलेली आणि पायांना गोचिडी दूर ठेवणारं तेल, कारण सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत. तो गोचिडीमुळे होतो आणि काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्यांना त्याचा धोका सर्वांत जास्त. मामी घड्याळ बघत बसणार होती. डबा पिशवीत होता.

तो बाहेर काढलाच नाही. हेल्मेटच्या दिव्यावर लाल कागद लावला होता, त्या मंद उजेडात छत हलताना दिसलं. शेकडो लहान वटवाघळं, एकमेकांना चिकटून, आणि काहींच्या पोटाला इवलीशी उघडी पिल्लं. आमचे श्वास ऐकूनच एका कोपऱ्यात चुळबुळ सुरू झाली. ही उडाली तर पिल्लं खाली पडतील, त्याच लेंड्यांत. आम्ही मागे मागे सरकत बाहेर आलो. आत मोजून दोन मिनिटं थांबलो असू.

तिथल्यासारखी जागा जगाला सांगायची म्हणजे काय, हे कळायला दूर जायला नको. गोव्याच्या सीमेपलीकडे भीमगडच्या रानात बारापेडेची गुहा आहे. तिथल्या रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट या जातीचं वर्णन 1913 मध्ये झालं आणि पुढची अनेक दशकं ती जात जगात दुसरीकडे कुठे माहीत नव्हती. मामाच्या गुहेतली जात कोणती ते ओळखायची माझी पात्रता नाही. दर रविवारी तिथे टॉर्च घेऊन एक कुटुंब यावं असं मात्र मला वाटेना. डबा न ठेवता जमिनीविषयी प्रश्न विचारणारा अर्थकॅश नावाचा प्रकार 2004 पासून आहे. क्षणभर मोह झाला. पण त्यातही पत्ता द्यावाच लागतो.

खाली आल्यावर मामाने दुसरी गोष्ट सांगितली. ‘‘वर रंगवलेला दगड बघितलास? तो वनखात्याचा. गुहा त्याच्या पलीकडे.’’ म्हणजे अभयारण्याच्या हद्दीत, जिथे 1972च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शिरता येत नाही. मी दोनदा शिरून आलो होतो. मामाला हे माहीत होतं, पण आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं असं तो म्हणाला. खरं आहे.

मग डबा कुठे? हरवळेच्या लेण्यांचं नाव मामेभावाने सुचवलं. ते संरक्षित स्मारक, तिथे असलं काही ठेवणं बरोबर नाही. शेवटी मामाच्याच बागेच्या वाटेवरचा गडगा, म्हणजे दगडांचा बांध, ठरला, वनखात्याच्या दगडापासून बराच खाली. नियम सोपे आहेत. मालकाची परवानगी हवी, खड्डा खणायचा नाही, दुसऱ्या डब्यापासून किमान 161 मीटर अंतर हवं आणि आत खायचं काही ठेवायचं नाही. शेवटचा नियम आमच्याकडची माकडं आणि मुंग्या बघून केला असावा असं वाटतं.

परवानगी मामा लगेच देईल असं मी धरून चाललो होतो. तो म्हणाला, ‘‘माझी काय, राखणदाराला विचार.’’ थट्टा नव्हती. रविवारी वाटेच्या वळणावर नारळ, विडी आणि पोफळीच्या विरीवर भाताची मूद ठेवली. मामाने गाऱ्हाणं घातलं, त्यात ‘हो भाचो डबो दवरता, कोणाक त्रास जावचो ना’ असं स्पष्ट म्हटलं. मला जरा लाज वाटली आणि जरा बरंही वाटलं.

डबा मात्र दोनदा फसला. स्वयंपाकघरातला झाकणाचा डबा मेच्या वळवाच्या एका सरीत आतून दमट झाला. आमच्या पावसापुढे क्लिपचं झाकण टिकत नाही. दुसरा स्टीलचा होता, उन्हात चमकला आणि माकडांनी पळवला. तिसरी जाड प्लास्टिकची बरणी, फिरवून लावायचं झाकण, आत रबराची चकती. बाहेरून जांभ्याच्या रंगाने रंगवली आणि वर मराठी आणि इंग्रजीत लिहिलं: ‘खेळाचा डबा, धोकादायक काही नाही’. बेवारस वस्तू बघून कुणी पोलिसांना फोन लावू नये म्हणून. आत वही आणि पेन्सिल. पेनची शाई ओलीत पसरते.

पत्ता घ्यायला तीन वेगवेगळ्या दिवशी गेलो. काजूच्या दाट पानांखाली फोन दरवेळी सहा-आठ मीटर इकडेतिकडे दाखवायचा. सगळ्यांची सरासरी काढली आणि सूचनेत लिहिलं की हात गडग्याच्या फटीत घालण्याआधी काठीने ठोका, फुरसं असू शकतं.

प्रकाशनाआधी एक स्वयंसेवक परीक्षक तपासतो. त्याचे दोन प्रश्न आले: जागा कुणाची, आणि जवळ अभयारण्य आहे का? मी मामाची परवानगी, हद्दीचा दगड आणि त्याच्यापासूनचं अंतर लिहून पाठवलं. मंजूर झालं. गुहेचा उल्लेख पानावर कुठेही नाही.

जूनमध्ये वाटेवरचा व्हाळ फुगला तेव्हा डबा ‘तात्पुरता बंद’ केला. गणपतीची चवथ झाल्यावर काठी घेऊन बघायला गेलो. बरणी कोरडी होती. वहीत कुणाचंच नाव नसणार असं वाटलं होतं, पण पहिल्या पानावर पेन्सिलीने, ओळखीच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं:

‘पाणी आत गेले नाही. दोनदा बघितले. वाटेतल्या सुपाऱ्या वेचू नयेत.’