यॉर्कशरच्या नद्यांवर पहिली ग्रेलिंग गरवताना

यॉर्कशरमध्ये राहताय आणि मासे गरवायची हौस आहे, तर थंडीत घरी बसू नका. ऑक्टोबरपासून इथे ब्राउन ट्राउटला बंदी लागते. ग्रेलिंग ही ट्राउटच्याच कुळातली मासळी, पण नियम तिला वेगळे: नदीत ती १६ जून ते १४ मार्च गरवता येते. वसंतात अंडी घालायची असल्याने हिवाळ्यात ती चांगली भरलेली असते.

वॉर्फ, यूर, निड, तिन्ही नद्यांत ती आहे. वय १३ किंवा जास्त असेल तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं रॉड लायसन्स हवंच. शिवाय काठाचा हक्क ज्या क्लबकडे असेल त्याचं दिवसाचं तिकीट. काही पट्ट्यांत आमिष चालत नाही, फक्त फ्लाय (पिसं-दोऱ्याची नकली माशी). ते आधी विचारा.

कोकणात खाडीवर गळ टाकून बसणाऱ्यांना इथे एक सवय सोडावी लागते. आमिष एका जागी ठेवायचं नाही, प्रवाहाबरोबर तळालगत वाहू द्यायचं. ग्रेलिंगचं तोंड खालच्या बाजूला असतं, ती बहुतेक तळावरच चरते.

१३ फुटी रॉड, ३ पाउंड ताण झेलणारा तंगूस (नायलॉनची दोरी), ४ ग्रॅमचा फ्लोट (तरंगता खुणेचा बोंडा), १६ नंबरचा बिनकाट्याचा गळ, त्यावर दोन पांढऱ्या अळ्या. वजनाचे बिनशिशाचे मणी गळाच्या दीड फूट वर एकत्र, मध्ये एकच बारीक मणी. कमरेएवढं, एकसारखं वाहणारं, तळाला गोटे असलेलं पाणी निवडा. दर फेरीला आधी सात-आठ अळ्या वरच्या अंगाला टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तळाचं पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं. फ्लोट मोकळा सोडला की तो आमिषाला ओढत नेतो आणि मासा तोंड लावत नाही. म्हणून दोरी बोटाने किंचित अडवत सोडायची, म्हणजे आमिष फ्लोटच्या पुढे, तळाच्या वेगाने जातं. फ्लोट सारखा बुडत असेल तर खोली तीन-चार इंच कमी करा. काहीच लागत नसेल तर वाढवा. बहुतेक जण खोली बदलायचा कंटाळा करतात, तिथेच दिवस वाया जातो.

फ्लोट दबला की रॉड नुसता उचला, हिसका नको. ग्रेलिंग पाठीवरचा मोठा पर उभारून प्रवाहात गिरक्या घेते. तिला प्रवाहाविरुद्ध ओढलंत की गळ सुटतो. काठाने खाली चालत तिच्या समोर या. एक मिळाली की जागा सोडू नका, ती थव्याने राहते.

पाऊस झाल्यावर डेल्समधलं (इथल्या डोंगरदऱ्यांतलं) पाणी झपाट्याने चढतं. नदीची पातळी ऑनलाइन बघा. पाणी गढूळ असेल तर जाऊच नका. बोल्टन अॅबीजवळ वॉर्फचा स्ट्रिड नावाचा अरुंद, जीवघेणा पट्टा आहे, त्याच्या काठाला तर फिरकूही नका.

सोडताना ओल्या हातांनी धरा, तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे ठेवा. ती दमलेली असते, स्वतः पोहून जाईपर्यंत थांबा. खायला न्यायची तर क्लबची परवानगी हवी, आणि कायद्याने दिवसाला ३० ते ३८ सेंमीच्या दोनच.