धर्मपुरी ते पंढरपूर: सोलापूर जिल्ह्यातली वारी

बरडचा मुक्काम हलला की ज्ञानेश्वर माउलींची पालखी सातारा जिल्हा मागे टाकते आणि धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते. इथून पंढरपूर 80-85 किलोमीटर. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे पाच मुक्काम, आणि मग पंढरी. या टप्प्यात बहुतेकांचं लक्ष फक्त "आता किती राहिलं" याकडे असतं. आम्हाला मात्र वाटतं की, वारीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात बोलका मुलूख हाच आहे. तो मान खाली घालून चालून टाकू नये.

आधी जमीन समजून घ्यावी. पूर्वेकडे तोंड करून चालताना उजव्या हाताला महादेव डोंगररांग सोबत येते. डाव्या हाताला, नजरेआड, नीरा वाहते. ती पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. दिवे घाटात चिंब भिजलेला वारकरी इथे उन्हात येतो, कारण हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा. आषाढात इथे भुरभुर, वारा आणि मध्येच चटका देणारं ऊन. तरीही दोन्ही बाजूंना ऊस दिसतो तो नीरा उजव्या कालव्यामुळे. भाटघर आणि वीर धरणांचं पाणी फलटणवरून माळशिरस तालुक्यात येतं. कालव्याखाली ऊस आणि केळी, कालव्याच्या वर बाजरी आणि माळरान. चालताना ही रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. कालव्याचं पाणी थंडगार लागलं तरी प्यायचं नाही. मागच्या मुक्कामाची सगळी घाण त्यात उतरलेली असू शकते. जुलाब लागलेला माणूस पुढचा 18-20 किलोमीटरचा टप्पा चालू शकत नाही, म्हणून आमच्या दिंडीत बाटली फक्त दिंडीच्या टँकरवर भरायची हा नियम आहे.

नातेपुत्याच्या दक्षिणेला, डोंगरावर शिखर शिंगणापूर. देऊळ सातारा जिल्ह्यात, पण चैत्रात शंभू महादेवाच्या कावडी मुंगी घाटाने चढतात त्या याच अंगाने, माळशिरस तालुक्यातल्या कोथळे गावाच्या बाजूने. चैत्रात हा मुलूख शंभू महादेवाकडे चढतो आणि आषाढात विठ्ठलाकडे उतरतो. नातेपुत्याची शिवाची देवळं पाहिली की हे शैव-वैष्णवांचं शेजारपण आपोआप कळतं.

मुक्कामाचं तंत्र इथल्या मातीवर ठरतं. नातेपुते-माळशिरसकडे मुरमाड जमीन जास्त. तिथे तंबूची मेख ठोकायला घण लागतो, पण एकदा रुतली की हलत नाही, आणि पाऊस आला तरी तासाभरात पाणी जिरतं. वेळापूरच्या पुढे भीमेच्या बाजूला काळी माती लागते. त्यात मेख हाताने जाते आणि पहिल्या सरीत तशीच सैल होते. म्हणून काळ्या रानात मेखा दीडपट लांब घ्यायच्या, तिरप्या ठोकायच्या आणि तंबूच्या चढाच्या बाजूला वीतभर खोल चर काढायचा. चर दिवसाउजेडी काढावा. रात्री दोनला पाणी आत आल्यावर कुदळ शोधण्यात अर्थ नसतो. काळा चिखल चपलेला थरावर थर चिकटतो, पाय किलो-किलोने जड होतो आणि मांडीचे स्नायू धरतात. अशा वेळी चप्पल हातात घेऊन अनवाणी रस्त्यापर्यंत यावं आणि तिथे पाय धुऊन मग घालावी.

रस्ता आता रुंद, सिमेंटचा झाला आहे. गाड्यांना तो सोयीचा असला तरी पायांना कठीण. दुपारी तो तापतो, आणि पूर्वीची वडाची सावली अनेक ठिकाणी उरलेली नाही. चालताना रस्त्याच्या उतरत्या कडेला दिवसभर राहू नये. एक पाय सतत खाली पडतो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. दिंडीत एका अंगाला चालत असाल तर विसाव्यानंतर बाजू बदला. फोड आला तर कातडी सोलायची नाही. दिंड्यांमध्ये उकळलेल्या सुईने दोरा ओवून पाणी काढायची पद्धत आहे, पण मधुमेहाच्या माणसाने ते मुळीच करू नये, सरळ वैद्यकीय पथकाकडे जावं. फोड येतात ते बहुधा नव्या चपलेने किंवा ओल्या मोज्याने. चप्पल निदान दोन महिने वापरलेली हवी.

पहाटे कर्णा तीनदा वाजतो. पहिल्याला तंबू उतरवायचे, दुसऱ्याला दिंडीने आपल्या जागेवर उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात सोहळ्याला जी शिस्त लावली, तिचा हा कणा. दिंड्यांचे क्रमांक रथापासून मोजतात, पुढच्या 27 आणि मागच्या वेगळ्या. म्हणून हरवलेल्या माणसाला नुसता "दिंडी क्रमांक 12" सांगून उपयोग नाही. रथापुढची की रथामागची हे आधी सांगावं लागतं. दोन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मुक्कामाच्या गावात लाखो फोन एकाच वेळी चालू असतात आणि नेटवर्क बसून जातं. संध्याकाळी समाज आरतीला चोपदार दंड उंचावतात, "होऽऽ" अशी हाक येते आणि एवढा अफाट समुदाय क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याजवळ जातात, म्हणणं ऐकतात, मगच टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. आपलं काही हरवलं असेल तर तेव्हा कान तिथे हवेत.

पुरंदावडे-सदाशिवनगर, खुडूस, ठाकूरबुवांची समाधी आणि बाजीराव विहीर, अशी गोल रिंगणं याच जिल्ह्यात होतात. मधोमध पालखी, भोवती दिंड्या, मग अश्वांची धाव, आणि बाहेर प्रेक्षक. आधी पताकावाले धावतात, मग डोईवर तुळस आणि हंडे घेतलेल्या बाया, मग विणेकरी आणि पखवाजवाले, आणि शेवटी अश्व. स्वाराचा अश्व पुढे, स्वार नसलेला माउलींचा अश्व मागे. हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. माउलींचा अश्व पुढच्याला गाठतो तेव्हा मैदानातून जो आवाज उठतो त्याने अंगावर काटा येतो. टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात, आणि गडबड नेमकी तिथेच होते. अश्व दुसऱ्या फेरीत असतानाच कुणी आत शिरलं की धाव अरुंद होते, घोडा बुजतो. अश्व पालखीपाशी थांबून त्याला नैवेद्य मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. लहान मुलांना पुढच्या ओळीत उभं करू नये. मागून रेटा आला की पुढच्या ओळीला पाय रोवायला जागा नसते.

खुडूसनंतर वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. या उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. सगळ्या दिंड्या उतारावरून धावत सुटतात. गुडघ्याचं दुखणं असेल तर कडेने चाला, त्यात कमीपणा नाही.

वेळापुरात एक गोष्ट चुकवू नये. ते म्हणजे अर्धनारीनटेश्वराचं देऊळ. यादवकाळातलं, काळ्या पाषाणाचं, समोर पुष्करणी. यादव राजा रामचंद्राच्या काळातले शिलालेख या गावाने जपले आहेत, आणि ते मराठीत आहेत. आवारात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, मांडून ठेवलेले आहेत. वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताना. सगळ्यात वर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला तोच वीर, आणि टोकाला चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती राहील. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर तो गोधन राखताना पडलेला माणूस. लेख नसतानाही दगड गोष्ट सांगतो. वीरगळांवर कपडे वाळत घालणं, शेंदूर फासणं किंवा नारळ फोडणं कृपा करून करू नका. पहाटे पालखी निघण्याआधी तासभर काढून या. संध्याकाळी पोहोचता तेव्हा अंगात त्राण नसतं आणि देवळात गर्दी असते.

पुढे तोंडले-बोंडले इथे माउलींचे धाकटे भाऊ सोपानकाका यांच्या पालखीशी बंधुभेट, मग भंडीशेगाव. तुकोबांची पालखी दुसऱ्या वाटेने, सराटीला नीरा ओलांडून अकलूजला येते. तिथे नीरेकाठचा किल्ला आहे. माळीनगरला उभं रिंगण, म्हणजे दिंड्यांच्या दोन सरळ रांगांमधून अश्वांची धाव, होतं. हे गावच सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी 1932 साली काढलेल्या साखर कारखान्याभोवती वाढलेलं. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, पैठणहून एकनाथ. पंढरपूरहून नामदेवराय त्यांना न्यायला येतात. वाखरीचा मुक्काम सगळ्यात दाटीचा. पाण्याचा टँकर आदल्या रात्रीच जागेवर लावावा, सकाळी तो आत शिरत नाही.

पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा. आषाढीला पाणी असतं ते बरंचसं वरच्या उजनी धरणातून सोडलेलं. पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत, वरून दिसत नाहीत. पायऱ्या सोडून आत जाऊ नका. पुंडलिकाच्या देवळाकडे पाणी किती चढलंय ते आधी पाहा.

यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढलेला असतो, म्हणजे देव निजत नाही, आणि दर्शन 24 तास चालू राहतं, तरी पदस्पर्शाच्या रांगेत वीस-वीस तास जातात. ज्यांना तेवढं उभं राहणं जमणार नाही त्यांच्यासाठी लांबून मुखदर्शन आहे. कित्येक जुने वारकरी नामदेव पायरीवर डोकं टेकतात, कळसाला हात जोडतात आणि परततात. त्यांची वारी पूर्ण झालेली असते. आत जायला मिळालंच तर सोळखांबीत, म्हणजे सोळा खांबांच्या मंडपात, मान वर करा. तिथल्या तुळईवर शके 1159, म्हणजे 1237 चा लेख आहे. होयसळ राजा सोमेश्वराने देवाला दिलेल्या दानाचा. दुसरा चौऱ्यांशीचा लेख, 1273 ते 1277 या काळातला. त्यात देवळाला दान देणाऱ्यांची नावं आहेत, यादव राजा रामचंद्रदेवाचं आणि त्याचा मंत्री हेमाद्री पंडित याचंही. त्याला पाठ घासली की चौऱ्यांशीचा फेरा चुकतो या समजुतीने शतकानुशतकं लोक पाठ घासत आले आणि अक्षरं झिजली. हात लावू नका, नुसतं पाहा.

महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ज्या देवळाच्या आत त्यांना येऊ दिलं नाही, तिथे दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरातच उपोषण केलं आणि दार उघडलं. ही समाधी दर्शनाच्या घाईत ओलांडून जाऊ नये.

पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि पालख्या परतीला लागतात. एक दिवस जास्त असेल तर एसटीने मंगळवेढ्याला जा. चोखोबा गावकुसाच्या भिंतीखाली गाडले गेले ते तिथेच, आणि दामाजीपंतांचंही ते गाव. तिथून पुढे माचणूरला भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे आणि औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला. शेजारीच ब्रह्मपुरी. 1695 पासून चार वर्षं मोगल बादशहाचा तळ या नदीकाठी होता. घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात शेवाळलेल्या असतात, तिथे मात्र अनवाणी उतरू नका.