सहा लाईट लागतात आणि मग चार ठोके अंधार

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला ताईकडे गेलो होतो. भाची नववीत आहे, तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी रनिंग लाईटचं सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पाय आणि वायरी भोकांत खोचून सर्किट लावायचा बोर्ड) लावलं होतं आणि दोन दिवस ते नीट चालत नव्हतं. मी बॅग खाली ठेवायच्या आधीच तिने बोर्ड समोर धरला, "मामा, ४०१७ खराब आहे, दुसरा आणून लावला तरी तसंच करतोय."

सर्किट तसं साधंच, ५५५ टायमर हा आयसी ठोके देतो आणि ४०१७ हा दुसरा आयसी ते मोजत एकामागून एक दहा एलईडी लावतो. ४०१७ च्या पिनांचा क्रम मात्र डोकं फिरवणारा आहे, पहिला एलईडी ३ नंबरच्या पिनवर, मग २, मग ४, ७, १०, १, ५, ६, ९ आणि शेवटचा ११ वर. पोरीने हे सगळं वहीत लिहून एकेक वायर बरोबर लावली होती, १३ आणि १५ नंबरच्या पिना ग्राउंडला (सप्लायच्या निगेटिव्हला) जोडायलाही विसरली नव्हती (अर्धे लोक हेच विसरतात आणि मग हात जवळ नेला तरी सर्किट वेडंवाकडं वागतं). एका वेळी एकच एलईडी लागतो म्हणून दहाही एलईडींचे निगेटिव्ह पाय तिने वरच्या निळ्या पट्टीत (बोर्डाच्या कडेची, आतून एकमेकांना जोडलेल्या भोकांची लांब रांग) घातले होते आणि त्या पट्टीच्या डाव्या टोकापासून एकच ४७० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. डोकं लावून केलेलं काम होतं.

चालू केलं तर सहा एलईडी भराभर पळायचे, मग एक झटका लागल्यासारखं थांबायचं आणि परत पहिल्यापासून.

आता इथे ब्रेडबोर्डचा खरा फायदा सांगतो. ५५५ ला तिने १० के आणि ६८ के (किलोओहम) चे रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर लावला होता, म्हणजे सेकंदाला साधारण १० ठोके, डोळ्याला काय कळणार? तो कॅपॅसिटर उपटला आणि त्याच भोकांत १० मायक्रोफॅरॅडचा घातला, पाच सेकंदाचं काम, आता सेकंदाला एक ठोका. हेच सोल्डर केलेलं असतं तर आधी आयर्न तापवा, मग टाका काढा, आणि त्यात कॉपर उचकटलं तर वेगळंच काम. दोघं मोजायला बसलो. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि मग अंधार. पण अंधारातही ती मोजतच राहिली, सात, आठ, नऊ, दहा, आणि लगेच पहिला एलईडी लागला!

मी म्हटलं, "बघ, चार ठोके अंधार आहे म्हणजे तुझा ४०१७ दहापर्यंत बरोबर मोजतोय. तो खराब असता तर बरोबर चार ठोके कशाला थांबला असता?" ती गप्प झाली, मग बोर्डाकडे बघत म्हणाली, "म्हणजे शेवटचे चार एलईडी उजवीकडे आहेत म्हणून?"

मल्टिमीटर बीपवर ठेवला (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो), एक प्रोब वरच्या निळ्या पट्टीच्या डाव्या टोकाला, दुसरा एकेक भोक सरकवत नेला. बीप, बीप, बीप, आणि बोर्डाच्या मध्यावर आवाज बंद. तिथे नीट बघितलं तर छापलेल्या निळ्या रेघेत तांदळाच्या दाण्याएवढी मोकळी जागा होती. तिला वाटलं होतं शाई उडाली असेल. ती शाई उडालेली नसते, ८३० भोकांच्या बऱ्याच बोर्डांवर सप्लायच्या पट्ट्या आतून मधोमध तुटक असतात आणि रेघेतली ती फट हेच सांगत असते. छोटी वायर घेऊन फट जोडली, दहाच्या दहा लागले. पोरीने जी उडी मारली ना!

म्हणून मी कळकळीने सांगतो की नवा बोर्ड आणला की आधी पाच मिनिटं मीटर घेऊन बसा आणि तो आतून कुठे जोडलेला आहे कुठे नाही ते स्वतः बघा. नवशिकं पोरगं चूक स्वतःच्या डोक्याची समजतं, आयसी बदलत बसतं आणि कंटाळून सोडून देतं, याचं मला फार वाईट वाटतं.

डिप्लोमाला असताना मी एका जुन्या बोर्डाची मागची चिकट पट्टी सोलून आतली एक क्लिप चिमट्याने बाहेर काढली होती. कंगव्यासारखी पातळ धातूची पट्टी, तिला पाच जोड्या दात, आणि प्रत्येक जोडी वायरला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरते, म्हणून एका ओळीतली पाच भोकं एकच. त्यातली एक जोडी फाकलेली होती, कारण कोणीतरी त्यात १एन५४०८ सारखा जाड पायाचा डायोड दाबून बसवला होता. एकदा फाकली की बारीक पाय त्यात नुसता उभा राहतो, दिसायला लावलेला आणि करंट नाही. जाड पाय असेल तर त्याला बारीक सिंगल वायर सोल्डर करून मग ती वायर भोकात घाला, बोर्ड वर्षानुवर्षं टिकतो.

वायरीसाठी मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून जंपरचं (तयार जोडवायरींचं) पाकीट आणतो खरं पण माझी आवडती वायर म्हणजे लॅन केबलचा उरलेला तुकडा. भिंतीतून टाकतात ती, आत एकच तार असलेली, साधारण अर्ध्या मिलिमीटरची, भोकात छान घट्ट बसते आणि आठ वायरी वेगवेगळ्या रंगांच्या फुकटात मिळतात. पॅच कॉर्डची घेऊ नका, तिच्या आत बारीक तारांचा झुपका असतो, तो भोकात वाकतो.

लाईट पळायला लागले पण अजून एक खोड होती, कॅपॅसिटर परत १ मायक्रोचा लावल्यावर मधूनच एखादा एलईडी गाळून पुढे जायचं. हा प्रकार मला ओळखीचा होता. साधा ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर सप्लायमधून जोरात करंट ओढतो, बोर्डाच्या लांब पट्ट्या आणि वायरींमुळे तिथला व्होल्टेज हलतो आणि ४०१७ त्याला जादाचा ठोका समजतो. ५५५ च्या ८ आणि १ नंबरच्या पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोचा आणि १०० मायक्रोचा असे दोन कॅपॅसिटर लावले, थांबलं. पुस्तकातल्या सर्किटमध्ये हे पुष्कळदा काढलेलंच नसतं.

एफएम रेडिओचं सर्किट यावर करून बघायचं का असं तिने विचारलं, मी नको म्हटलं, शेजारशेजारच्या दोन क्लिपांमध्येच काही पिकोफॅरॅडचा छोटा कॅपॅसिटर आपोआप तयार होतो आणि ९०-१०० मेगाहर्ट्झला तेवढ्यात सगळं ट्यूनिंग बिघडतं. आणि घरातला २३० व्होल्ट या बोर्डाजवळसुद्धा आणायचा नाही, हे मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. बॅटरी किंवा ॲडॉप्टर, बस.

पुण्याला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन. "मामा, १५ नंबरची वायर ग्राउंडमधून काढली आणि १ नंबरच्या पिनला लावली, तर आता पाचच एलईडी लागतात आणि परत पहिल्यापासून सुरू!" हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. कसं सुचलं विचारलं तर म्हणाली, "१५ रिसेट आहे ना, मग सहावा लागायच्या वेळेला त्यालाच रिसेट करायला लावलं." तिने व्हिडिओ पण पाठवला, त्यात वरच्या निळ्या पट्टीवर मधोमध आमची ती छोटी वायर दिसत होती, आणि तिच्या शेजारी तिने पेनाने बाण काढून ठेवला होता.